लवकर येणारी रजोनिवृत्ती: औषध एक, काळजी दोन

२०२३ च्या गौरी-गणपतीत मी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. गौरी घरात असताना थोरल्या सुनेला अडचण येऊन चालत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे आणि कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत ती आजही पाळली जाते. नॉरएथिस्टेरॉनच्या या गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, हे मला अनेक वर्षांच्या सवयीने ठाऊक होते. त्या वर्षी ती आली नाही. दसरा झाला, दिवाळी झाली, मार्गशीर्षातले गुरुवार सुरू झाले, तरी आली नाही. मी तेव्हा ४२ वर्षांची होते आणि गोळ्यांमुळेच काहीतरी बिघडले असावे, अशी माझी समजूत होती.

मग अंगातून वाफा येऊ लागल्या. मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते. डिसेंबरच्या थंडीत सायंकाळची रोकड जुळवताना एकाएकी मानेपासून कपाळापर्यंत आग उसळायची, ब्लाउज पाठीला चिकटायचा आणि मोजलेल्या नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजाव्या लागायच्या. रात्री दोनच्या सुमारास जाग यायची, ती पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. आईची पाळी ४९ व्या वर्षी गेली होती, त्यामुळे माझ्या मनात रजोनिवृत्तीचा विचारही आला नव्हता.

फेब्रुवारीत शहरातल्या एका दवाखान्यात रक्ताची तपासणी झाली. एफएसएच नावाचे संप्रेरक ४८ आले. अंडाशय दमला की मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी त्याला कामाला लावण्यासाठी हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडते. म्हणून आकडा वाढलेला दिसणे म्हणजे अंडाशय ऐकेनासा झाल्याची खूण असते. डॉक्टर म्हणाले, “पाळी गेली तुमची. जरा लवकर गेली, म्हणून हार्मोनच्या गोळ्या देतो.” रोज एक इस्ट्रॅडिऑलची गोळी आणि दर महिन्याला १२ दिवस रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची गोळी, असे त्यांनी लिहून दिले. मी विचारले, “किती दिवस घ्यायच्या?” ते म्हणाले, “पन्नाशीपर्यंत.” औषध अगदी योग्य होते आणि तीन आठवड्यांत मला रात्रीची झोप लागू लागली, त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. मात्र त्या खोलीत एक वाक्य बोलले गेले नाही. ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

दोन मुलांनंतर आम्ही पती-पत्नी वर्षानुवर्षे निरोध वापरत होतो. मार्चपासून आम्ही तो बंद केला. पाळी गेली आहे, वर हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, मग आता कशाला, इतका तो साधा विचार होता. प्रोजेस्टेरॉनचे १२ दिवस संपले की दर महिन्याला थोडे अंगावरून जायचे. ऑगस्टमध्ये ते गेले नाही. आणखी दहा दिवस वाट पाहिली आणि मग मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणली. न्हाणीघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर ती ठेवून मी दात घासत उभी राहिले. दुसरी रेघ इतक्या लवकर आणि इतकी ठळक उमटली की तोंडातला फेस तसाच राहिला. थोरला मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि धाकटी दहावीला.

पुढचे थोडक्यात सांगते. आठव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत ठोका दिसला नाही आणि औषधाने गर्भपात करावा लागला. ठेवायचे की नाही, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला द्यावेच लागले नाही. या गोष्टीबद्दल मला सुटका वाटली आणि त्याच वेळी फार रडूही आले, आणि या दोन्ही भावना खऱ्या होत्या. ज्या डॉक्टरबाईंनी त्या दिवसांत मला सांभाळले, त्यांच्याकडेच मी आता जाते. पुढे जे लिहिले आहे, त्यातले बरेचसे मी त्यांच्याकडून शिकले आणि नंतर वाचून पडताळले.

त्यांनी पहिल्याच भेटीत मला एक गोष्ट सांगितली. “नळाला पाणी नाही म्हणून तोटी उघडीच ठेवून बाहेर गेलं, तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. पाणी बंद झालंय की नुसतं आज आलेलं नाही, हे तोटीकडे बघून कळत नाही.” लवकर दमणारा अंडाशय एका दिवसात बंद पडत नाही. तो सहा महिने निपचित राहतो आणि मग एखाद्या महिन्यात बीज सोडतो. माझी एफएसएच त्यांनी गर्भपातानंतर तीन महिन्यांनी, गोळ्या बंद असताना, पुन्हा केली, तेव्हा ती १४ आली. ४८ हा आकडा खोटा नव्हता, पण तो त्या एका दिवसाचा होता. त्यावरून पुढच्या वर्षाचे भविष्य सांगता येत नाही. चाळिशीच्या आतच ज्यांचा अंडाशय थकतो, त्यांच्यातसुद्धा १०० पैकी पाच ते दहा जणींना आपोआप दिवस राहतात. ४० ते ४५ या माझ्या वयोगटात ही शक्यता गृहीत धरूनच चालावे लागते. आपल्याकडे पाळी जाण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधीच. त्यामुळे चाळिशीत चुकलेली पाळी पाहून ‘गेली एकदाची’ असे म्हणण्याची घाई आपल्या घरांत सहज होते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथेच माझी गफलत झाली होती. हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत म्हणजे गर्भनिरोधही होत आहे, हे मी मनाने ठरवून टाकले होते. दोन्ही औषधांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे घटक असतात, गोळ्यांची पाकिटेही सारखीच दिसतात. पण दोघांचे काम वेगळे आहे. माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळीतले संप्रेरक इतके प्रभावी असते की ते मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच थांबवते आणि बीज बाहेर पडत नाही. रजोनिवृत्तीचे औषध मात्र शरीरात जे कमी पडले आहे तेवढेच भरून काढते. ते अंडाशयाला झोपवत नाही. त्याला जागे व्हायचे असेल तर तो होतोच. हिशेबाच्या भाषेत बोलायचे, तर ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकात भरणा केला म्हणून दुसऱ्यातली बाकी फिटत नाही. शिवाय दर महिन्याला जे अंगावरून जात होते, ती माझी पाळी नव्हतीच. प्रोजेस्टेरॉन थांबल्यावर गर्भाशयाचे अस्तर गळून पडत होते, एवढेच. त्यावरून आपली पाळी चालू आहे की बंद, हे कुणालाच सांगता आले नसते.

मग गर्भनिरोध किती काळ करायचा? वय पन्नाशीच्या आत असेल, तर शेवटच्या पाळीनंतर पूर्ण दोन वर्षे. पन्नाशीनंतर असेल, तर एक वर्ष. आणि ५५ व्या वर्षी जवळजवळ सगळ्याच जणींना तो थांबवता येतो. हार्मोनचे औषध चालू असताना शेवटची पाळी कोणती, हेच कळत नाही आणि रक्ताच्या तपासणीवरही भरवसा ठेवता येत नाही, म्हणून अशा वेळी नियम जास्तच सावधपणे पाळावा लागतो.

हे ऐकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती की मग हार्मोन नकोच, निरोध तेवढा पुरे. माझ्या चुलत बहिणीनेही फोनवर तेच सांगितले होते: “कॅन्सर होतो म्हणे त्यानं, सोडून दे.” ही भीती २००२ साली अमेरिकेत मध्येच थांबवलेल्या एका मोठ्या अभ्यासातून जगभर पसरली. त्यातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि त्यांना जी औषधे दिली होती, ती माझ्या औषधांपेक्षा वेगळी होती. ज्या बाईचा अंडाशय ४२ व्या वर्षी थकला, तिला पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देणे म्हणजे तिच्या वयाच्या इतर बायकांच्या अंगात जे असतेच, ते तिला परत देणे आहे. ते न दिल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. माझ्या हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी केली तेव्हा मणक्याचा आकडा उणे १.६ आला. तो अजून ठिसूळपणाच्या हद्दीत नाही, पण ४३ व्या वर्षी त्या वाटेला लागलेला आहे. घरात नाचणीची भाकरी आणि आंबील आहे, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, हे सगळे खरे. पण हाडातून कॅल्शियम निसटू न देण्याचे इस्ट्रोजेनचे काम नाचणी करू शकत नाही. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली आहे, यकृताचा आजार आहे किंवा कारण न कळता अंगावरून जाते, त्यांची गोष्ट वेगळी आणि त्यांनी तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय काहीही घेऊ नये. मी त्यांपैकी नव्हते. मला दोन्ही खाती चालवायची होती.

त्यानंतरचा एक तास मला आजही आठवतो, कारण कुठल्याही डॉक्टरने मला तोवर इतका वेळ दिला नव्हता. सर्वांत सोपा मार्ग एकत्रित गर्भनिरोधक गोळीचा होता. पन्नाशीच्या आतल्या, धूम्रपान न करणाऱ्या, रक्तदाब ठीक असलेल्या बाईला ती गोळी दोन्ही कामे करून देते: बीज थांबवते, वाफा कमी करते आणि हाडांनाही आधार देते. अशा वेळी ती मधली सुट्टी न घेता किंवा अगदी थोडी घेऊन घ्यायची असते, कारण त्या सात दिवसांच्या सुट्टीत वाफा परत येतात. ती चालू असताना रजोनिवृत्तीचे औषध वेगळे घ्यायचे नसते. पण डॉक्टरबाईंनी माझा रक्तदाब तीन वेगवेगळ्या दिवशी मोजला आणि तो १४८/९४ च्या आसपासच राहिला. रक्तदाब वाढलेला असेल किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसत असेल, तर या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो. तो मार्ग तिथेच संपला.

तांबीचा विचार झाला. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात जी ३८०ए तांबी मोफत बसवतात, ती दहा वर्षे चालते आणि चाळिशीनंतर बसवली तर पाळी जाईपर्यंत ठेवता येते. गर्भनिरोध चोख होतो, पण अंगावरून जास्त जाऊ शकते आणि ती गर्भाशयाच्या अस्तराला काहीच संरक्षण देत नाही. हे संरक्षण का लागते, हेही इथेच लिहिते. गर्भाशय असलेल्या बाईला नुसते इस्ट्रोजेन दिले, तर अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यात कर्करोग होऊ शकतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच. तांबी घेतली असती, तर रात्रीची प्रोजेस्टेरॉनची गोळी चालूच ठेवावी लागली असती. नुसत्या प्रोजेस्टोजेनच्या गर्भनिरोधक गोळीचेही तसेच आहे. ती हार्मोनच्या औषधासोबत घेता येते, पण अस्तराच्या संरक्षणासाठी तिच्यावर विसंबायचे नाही. आमच्या भागातल्या आशाताई जी तीन महिन्यांची ‘अंतरा’ इंजेक्शने आणि आठवड्याची ‘छाया’ गोळी सांगतात, त्यांचाही मी प्रश्न काढला. अंतराने हाडांची घनता कमी होते, म्हणून माझ्या मणक्याचा आकडा पाहता ते बाद झाले. छाया गोळी गर्भाशयावर इस्ट्रोजेनच्या विरुद्ध दिशेने काम करते, त्यामुळे माझ्या औषधाशी तिचा मेळ बसत नव्हता.

माझे पती शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला आहेत. घरी हे सगळे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “माझंच ऑपरेशन करून टाकू. तुझ्या अंगात आणखी काय काय घालायचं?” त्यांच्या तोंडून हे ऐकणे माझ्यासाठी फार मोठे होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदीचा मार्ग घेतलेला आहे आणि पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के आहे. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा किती तरी सोपी असते, फक्त तिच्यानंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्याची तपासणी करून घ्यावी लागते. आम्ही तो मार्ग नाकारला, त्याचे कारण त्यांची तयारी कमी पडली हे नव्हते. मला प्रोजेस्टेरॉन कुठल्या ना कुठल्या रूपात लागणारच होते आणि एक साधन असे होते की त्यात ते दोन्ही कामांसाठी एकदमच मिळत होते.

त्या साधनाला डॉक्टरबाई ‘हार्मोनची तांबी’ म्हणतात. नावातच तेवढी तांबी, तिच्यात तांबे नसते. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या त्या लहानशा साधनात ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असते आणि ते गर्भाशयाच्या आतच थोडे थोडे झिरपते. त्याने अस्तर पातळ राहते आणि दिवसही राहत नाहीत. इस्ट्रोजेन मी आता जेलच्या रूपात घेते. ते कातडीतून थेट रक्तात जाते, त्यामुळे गोळीने जो रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढतो, तो जेलने वाढत नाही. माझ्या रक्तदाबाकडे पाहून त्यांनी तेच सुचवले. सकाळी आंघोळीनंतर मापाच्या पट्टीवर जेल काढायचे, मांडीच्या आतल्या बाजूला पसरायचे आणि वाळेपर्यंत साडी नेसायची नाही, कुणाचा हात लागू द्यायचा नाही. गार, पाण्यासारखे पारदर्शक आणि जरा स्पिरिटचा वास असलेले ते औषध पाच मिनिटांत कातडीत जिरते. त्या पाच मिनिटांत मी खिडकीशी उभी राहून दूधवाल्याची वाट पाहते.

हे साधन बसवणे अगदी सुखाचे होते, असे मी म्हणणार नाही. ते आत जाताना ओटीपोटात अशी कळ आली की मी टेबलाची कड घट्ट धरली. ती दोन मिनिटांत ओसरली. पहिले चार महिने अधूनमधून डाग पडत होते आणि मी घाबरून दोनदा दवाखान्यात जाऊन आले. आता काहीच जात नाही. गर्भनिरोधासाठी ते यापेक्षा जास्त वर्षे चालते, पण अस्तराच्या संरक्षणासाठी पाच वर्षांनी बदलायचे असते. ती तारीख मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवली आहे. किंमत काही हजारांत आहे आणि ती सगळ्यांना परवडणारी नाही, हेही मला ठाऊक आहे. ज्यांना ती जमणार नाही, त्यांच्यासाठी इस्ट्रोजेन, रात्रीचे प्रोजेस्टेरॉन आणि न चुकता निरोध हाही पूर्ण आणि प्रतिष्ठेचा मार्ग आहे. मी त्यावर असते, तरी हेच लिहिले असते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. मराठीत या विषयावर बोलण्याची इतकी जुनी वाट असूनही ती वाट नव्या लग्न झालेल्या जोडप्यापाशीच थांबते, असे मला वाटते. चाळीस ओलांडलेल्या बाईला गर्भनिरोधाबद्दल विचारणे जणू तिचा अपमान करणे आहे, असा एक संकोच डॉक्टरांपासून नणंदेपर्यंत सगळ्यांना असतो. मला तो संकोच महागात पडला.

हे सगळे मी माझ्या वहिनीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “वन्सं, माझी तर पिशवीच काढलीया. मला काय त्याचं?” ती कागलजवळच्या खेड्यात राहते. चोविसाव्या वर्षी तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आणि छत्तिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जाते म्हणून पिशवी काढली. आता ती ४१ वर्षांची आहे. तिला दिवस राहण्याची भीती नाही, हे बरोबर आहे. पण पाच वर्षे तिला रात्री घाम फुटतो, गुडघे आणि कंबर धरते आणि ती ‘वयाचं असंल’ म्हणून सोडून देते. मी तिला ऑपरेशनचे कार्ड शोधायला लावले. धान्याच्या डब्यांमागे एका पिशवीत ते मिळाले. त्यावर गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयही काढल्याचे स्पष्ट लिहिले होते आणि तिला हे कुणी कधी सांगितलेच नव्हते. म्हणजे ऑपरेशन झाले त्याच दिवशी तिची रजोनिवृत्ती झाली होती. गर्भाशय नसल्यामुळे तिला प्रोजेस्टेरॉनची गरज नाही, साधारणपणे नुसते इस्ट्रोजेन पुरते आणि तिच्यासाठी औषध माझ्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. तरीही पाच वर्षे ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही.

मी सोमवारची रजा टाकली आहे. वहिनी सकाळच्या एसटीने येईल, ते कार्ड आणि तिचा रक्तदाबाचा जुना कागद घेऊन आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे जाऊ. तिची डेक्सा तपासणीही त्याच दिवशी व्हावी, म्हणून मी आधीच नंबर लावून ठेवला आहे.